पूरपट्ट्यात घरी म्हातारी माणसं असतील तर: सांगलीत नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

सांगलीत भाड्यानं घर बघायला येणारा माणूस घरमालकाला हमखास विचारतो, पाणी कसं आहे? त्याला नळाचं पाणी म्हणायचं असतं. नदीचं पाणी कितव्या फुटाला दारात येतं, हा प्रश्न जुलै उजाडेपर्यंत कुणाच्या डोक्यात येत नाही. घरात साठी-सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर हा प्रश्न डिपॉझिट देण्याआधीच विचारायला हवा.

आमच्याकडचा पूर कोकणातल्यासारखा तासाभरात अंगावर येत नाही. तो सांगून येतो, दोन-तीन दिवस चढतो आणि मग आठवडाभर मुक्काम ठोकतो. धडधाकट माणसाला पळायला तो वेळ देतो. पण घरातलं म्हातारं माणूस शेवटी हलवायचं ठरलं की तो वेळ वाया जातो. म्हणून पुढचं सगळं एका गोष्टीभोवती फिरतं: म्हाताऱ्या माणसाला कोरड्या रस्त्यावरून, उजेडात, रिक्षानं किंवा गाडीनं न्यायचं. त्याला बोटीत बसवायची वेळ आली, तर उशीर झालेला असतो.

आधी आपल्या घराचा फूट काढा

कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात. पूल १९२९ सालचा. त्याच्यापाशी ४० फूट झाले की इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना भेटले की "आयर्विनला किती झालं?" एवढंच विचारतात. नवख्या माणसाला वाटतं, धोका ४५ ला म्हणजे ४५ पर्यंत निवांत. तसं नाही. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडचा सखल भाग इथल्या लोकांना इशारा पातळीच्या आसपास, कधी त्याआधीच, सामान हलवावं लागतं. गावभागात, मारुती चौकात किंवा स्टँडच्या बाजूला पाणी यायचा फूट वेगळा. विश्रामबागेत बसून सूर्यवंशी प्लॉटचा अंदाज बांधता येत नाही, आणि उलटंही नाही.

हा फूट गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला तर तो तोंडपाठ असतो, कारण त्याची पोती त्या फुटावर हलतात. २०१९ च्या पाण्याची खूण अजून कित्येक भिंतींवर दिसते, ती बघून घ्या. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर विकत घेणाऱ्यानं ती बघितल्याशिवाय सहीच करू नये.

विचारताना दोन आकडे वेगवेगळे काढा. घरात पाणी कितव्या फुटाला येतं हा एक, आणि गल्लीचं तोंड कितव्या फुटाला बुडतं हा दुसरा. दुसरा जास्त महत्त्वाचा. घर उंचावर असतं, चौथरा कोरडा असतो, आणि बाहेर पडायचा रस्ता मात्र कमरेएवढ्या पाण्यात. शिवाय पाणी नेहमी नदीच्या बाजूनं येत नाही. नदी फुगली की शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून आणि गटारांतून ते उलटं आत शिरतं, त्यामुळे तुम्ही घाटाकडं बघत बसता आणि पाणी मागच्या परड्यातून येतं.

हे दोन आकडे कळले की तिसरा आपला आपण ठरवायचा, आजी-आबांना हलवायचा फूट. रस्ता बुडतो त्याच्या किमान पाच फूट आधीचा धरा. तो आकडा खडूनं स्वयंपाकघराच्या दारामागं लिहून ठेवा, घरातल्या सगळ्यांदेखत. त्या आकड्यावर नंतर चर्चा नाही.

२००५ ची खूण विसरायला लावा

तुमच्या शेजारी एक तरी आबा असे भेटतील जे सांगतील, "२००५ ला पाणी ह्या पायरीवर थांबलं होतं. त्याच्या वर येत नाही." २००५ ला पाणी आयर्विनपाशी ५४ फुटांच्या जवळ गेलं होतं, आणि पुढची चौदा वर्षं अख्ख्या गावानं तीच कमाल धरली. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. त्या पायरीवर विसंबून घरात थांबलेली म्हातारी माणसं माळ्यावर, गच्चीवर अडकली. २०२१ च्या जुलैत परत ५४-५५ फूट झालं. अनुभव मोलाचा असतो हे खरं, पण नदीनं जुन्या खुणेला मान द्यायचा असा काही करार केलेला नाही. आबांशी वाद घालू नका, त्यांचा आकडा ऐकून घ्या आणि ठरवताना आपलाच धरा.

कोणतं पाणी बघायचं

पावसाळ्यात रोज कोयनेचा आकडा येतो. कोयना धरण १०५ टीएमसीचं (म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं). पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, सोडलं ही बातमी नेहमीची आहे, त्यावर घाबरायचं कारण नाही. वक्र दरवाजे उचलून विसर्ग काही दहा हजारांत गेला, आणि त्याच वेळी कराड, पाटण, शिराळा भागात पाऊस धो धो असेल, तर मात्र बॅग दाराशी आणायची. धरणाच्या खाली पडलेल्या पावसाला कुठलाही दरवाजा अडवत नाही, हे बरेच जण विसरतात. वारणेकडंही लक्ष ठेवा. ती हरिपूरला कृष्णेला मिळते, आणि तिला फुगवटा असला की सांगलीतलं पाणी पुढं सरकत नाही. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं आपल्याकडं पूर वाढतो का, हा वाद चहाच्या गाड्यावर रंगू दे, तो आपल्या बॅगेत बसत नाही.

कोयनेतून निघालेलं पाणी कराडवरून सांगलीला यायला बरेच तास लागतात. ते तास आपले. फॉरवर्ड होऊन आलेल्या व्हॉट्सॲप मेसेजवर जाऊ नका, तारीख-वेळ नसलेला फोटो तर उघडूच नका. महापालिका, जिल्हा प्रशासन आणि पाटबंधारे खात्याचे आकडे तेवढे धरा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, कुठल्याही संकटात ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे नंबर आजींच्या साध्या फोनमध्ये एक, दोन, तीन बटणांवर सेव्ह करून द्या आणि एकदा दाबून दाखवायला लावा.

सातारा जिल्ह्यात पाटण-कोयनेच्या डोंगरी भागात ज्यांचे आईवडील आहेत त्यांच्यासाठी हिशोब निराळा. तिथं पाणी चढायची वाट बघायला वेळ नसतो, आणि खरी भीती दरडीची. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मीरगावला दरडी रात्रीच कोसळल्या. उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, की म्हाताऱ्यांना त्याच दिवशी खाली आणायचं.

बॅग

जूनच्या पहिल्या आठवड्यात भरायची. कापडी पिशवी नको, खांद्याला लावायची सॅक हवी, म्हणजे उचलणाऱ्याचे दोन्ही हात माणसाला धरायला मोकळे राहतात.

सगळ्यात आधी औषधं. किमान पंधरा दिवसांची. पुरात मेडिकल दुकानंही बुडतात आणि पुण्या-कोल्हापूरकडून माल यायचा रस्ता बंद होतो. गोळ्या पट्टीसकट ठेवा. डबीत सुट्या केलेल्या गोळ्या कॅम्पमधल्या डॉक्टरांना ओळखता येत नाहीत. चिठ्ठीचा फोटो मुलाच्या, मुलीच्या आणि एका शेजाऱ्याच्या फोनमध्ये असू द्या. शिवाय एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा: नाव, वय, आजार, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, घरच्या दोघांचे नंबर. ते प्लास्टिकमध्ये घालून आजींच्या कमरेच्या पिशवीत, आबांच्या बंडीच्या खिशात. बॅग हरवते, बंडी हरवत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांना लाईट गेल्यावर घाम फुटतो. वापरात असलेलं इन्सुलिन सावलीत, थंड जागी फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे चालतं. नक्की किती ते आपल्या मेडिकलवाल्याला ब्रँड दाखवून आत्ताच विचारून घ्या. ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवलं तर बरं. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं.

मग ज्या वस्तू नसल्या की म्हातारं माणूस निम्मं होतं त्या: जुना का असेना पण एक जादा चष्मा, कवळीची डबी, कानाच्या मशीनचे सेल, काठी. दिसत नाही, ऐकू येत नाही आणि जागा अनोळखी, अशा अवस्थेत चांगली शहाणी माणसं रात्री बरळायला लागतात, मुलाला ओळखत नाहीत. घरच्यांना वाटतं वेड लागलं. बऱ्याचदा चष्मा, झोप आणि पाणी मिळालं की दोन दिवसांत ताळ्यावर येतात. पण बरळणं अचानक सुरू झालं आणि सोबत ताप असेल किंवा लघवी होत नसेल, तर मात्र डॉक्टर.

कागदपत्रं: आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, संजय गांधी किंवा श्रावणबाळ योजनेचा आदेश, पेन्शनरांचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश). मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पाकिटात. सुटे पैसे, बॅटरी, शिट्टी, एक शाल, दोन जोड कपडे, मोठ्यांचे डायपर लागत असतील तर ते. सोनं बॅगेत नको, अंगावरही नको. ते आधीच लॉकरला किंवा लेकीकडं.

डायलिसिस किंवा घरात ऑक्सिजनचं मशीन असलेल्यांना फुटाबिटाचा हिशोब लागू नाही. त्यांनी इशारा पातळीची वाट न बघता सलग पावसाचा अंदाज आला की मिरज-विश्रामबागेसारख्या उंच भागात जाऊन राहायचं. डायलिसिस ज्या दवाखान्यात आहे तो कुठल्या बाजूला आहे तेही बघा. नदी मध्ये आली तर दवाखाना दोन किलोमीटरवर असून उपयोग नाही.

"मी नाही यायची"

खरं भांडण पाण्याशी नसतं, इथं असतं. कारणं बहुतेक घरांत तीच: देवघर, जनावरं, चोरीची भीती, लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, आणि न बोललेलं एक, दुसऱ्याच्या घरात रात्री तीनदा संडासला उठायचं कसं.

उपदेशानं काम होत नाही. एकेका कारणाला उत्तर हातात घेऊन जायचं.

"आत्या, उद्या सकाळी मिरजेला वन्संकडं जायचं."

"तुम्ही जावा. माझे देव कुणाच्या जिवावर टाकू?"

"देव घेऊनच जायचं. ही टोपली बघा, टाक, शंख, सगळं बसतंय. तुम्ही स्वतः ठेवा."

"आणि म्हस?"

"म्हस आधी गेली. सकाळीच कुपवाडला सोडून आले हे."

म्हैस आधी गेली की आत्या निघतात. गावाकडं हे शंभर नंबरी खरं आहे. भिलवडी, अंकलखोप, डिग्रज पट्ट्यात जनावरं हलल्याशिवाय म्हातारी माणसं दावणीपासून हलत नाहीत, तेव्हा जनावरांची सोय आधी लावा. देवांना हात लावायचा मान त्यांचा, तो त्यांनाच द्या. चोरीच्या भीतीवर उपाय म्हणजे गल्लीतल्या दोन तरुण पोरांचे नंबर त्यांच्यासमोर घेणं. संडासाचा विषय सुनेनं किंवा लेकीनं काढावा, आणि जिथं जायचं तिथं खाली बसायचा आहे की कमोड हे आधी बघून यावं.

आणखी एक. पूर येतो तो श्रावणाच्या आगेमागे. २०१९ चं पाणी नागपंचमीच्या आठवड्यातच चढलं. सोमवार, शनिवार, एकादशी, उपवास चालूच असतात. साखरेची गोळी पोटात आणि दिवसभर साबुदाण्याची दोन चमचे खिचडी, त्यात धावपळ, की चक्कर ठरलेली. हलवायच्या दिवशी उपवास सोडायला लावा. देवाची माफी मागायची असेल तर मिरजेत पोचल्यावर मागता येते.

"वरच्या मजल्यावर जाऊन बसू की" हा सल्ला हमखास येतो. तरुणांना चालेल. म्हाताऱ्यांना नाही. पाणी घरात येत नाही, पण लाईट जाते, टाकीतलं पाणी संपतं, संडास तुंबतो आणि आठवडाभर खाली उतरता येत नाही. छातीत कळ आली तर रुग्णवाहिका चौकातच थांबणार.

प्रत्यक्ष हलवताना

सकाळी हलवा. निघण्याआधी मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढलेला. इन्व्हर्टर असेल तर तोही वेगळा बंद करा. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर घरात करंट सोडत राहतो, आणि तो बऱ्याचदा जिन्याखाली, सगळ्यात खाली ठेवलेला असतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दोघांनी हाता-पायाला धरून उचलायचं नाही, खांदा निखळतो. हाताची प्लास्टिकची खुर्ची घ्या, माणसाला बसवून ओढणीनं छातीशी आणि मांड्यांशी सैलसर बांधा, एकानं पाठीमागून आणि एकानं पुढच्या पायांना धरा. जिना उतरताना माणसाचं तोंड उताराकडं, ताकदीचा माणूस वरच्या बाजूला, पाठीशी. जूनमध्ये एकदा हे करून बघा. आबा शिव्या देतील, देऊ द्या.

रस्त्यावर पाणी आलंच असेल तर म्हाताऱ्या माणसाला त्यातून चालवू नका. घोट्याएवढ्या वाहत्या पाण्यातही गुडघे दुखणाऱ्याचा तोल जातो, आणि खाली उघडी गटारं असतात. नाइलाजच झाला तर पुढच्या माणसानं काठीनं तळ चाचपत जायचं. चप्पल नको, ती गाळात अडकते. गमबूटही नको, त्यात पाणी भरलं की पाय उचलत नाही. नाडीचे बूट घट्ट बांधून. टाचांना भेगा असतील किंवा साखरेमुळं पायांना बधिरपणा असेल तर नंतर पाय साबणानं धुऊन, पुसून, तळव्याला आरसा लावून बघा. जखम झालेली त्यांना कळत नाही. पुराच्या पाण्यातून लेप्टो हा तापाचा आजार होतो. ताप, पोटऱ्यांत गोळे, डोळे लाल असं दिसलं की सरकारी दवाखान्यात "पुराच्या पाण्यातून चाललोय" हे सांगायला विसरू नका.

बोटच आली तर: लाईफ जॅकेट अंगात घालून बकल लावल्याशिवाय पाय टाकायचा नाही. मधोमध, खाली बसायचं, उभं राहायचं नाही, किनारा जवळ आला तरी. आणि बोट भरलेली दिसली तर सोडून द्यायची. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली, १७ जण गेले. त्यामुळे "सरका की जरा, म्हातारी आहे" म्हणून गर्दीत कोंबण्यापेक्षा पुढच्या फेरीसाठी थांबलेलं बरं.

कॅम्पमध्ये

शाळेतल्या किंवा मंगल कार्यालयातल्या निवाऱ्यात गेल्यावर म्हातारी माणसं एक काम गुपचूप करतात: पाणी पिणं बंद. संडास लांब, रात्री अंधार, रांग, माणसांच्या अंगावरून जायचं, त्यापेक्षा न प्यालेलं बरं. सोबत लघवीची गोळीही थुंकतात. तिसऱ्या दिवशी मग उन्हाळी लागणं, चक्कर, बद्धकोष्ठ, नाहीतर बीपी वर. म्हणून जागा पकडतानाच दाराजवळची, संडासच्या वाटेवरची पकडा, पंख्याखालची नको. रात्री बॅटरी उशाला आणि घरातल्या एकाची पाळी. गोळी तुमच्यासमोर गिळायला लावा. पाण्याची बाटली खुणेची ठेवा, संध्याकाळपर्यंत दोन वेळा भरली गेली पाहिजे, डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं नसेल तर. पाणी उकळलेलं नाहीतर क्लोरीनची गोळी टाकलेलं. जुलाब झाले की लगेच ओआरएस, म्हाताऱ्यांचं अंग लहान मुलासारखंच लवकर सुकतं.

जमिनीवर सतरंजी असली की गुडघेवाल्यांना उठता येत नाही. कॅम्पवाल्यांकडं खुर्ची मागा, हक्कानं मागा. शाळेची बाकं जोडून पलंग होतो. पडून असलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदला. ओले कपडे अंगावर वाळू देऊ नका, म्हाताऱ्यांना थंडी वाजलेली उशिरा कळते. घरचं कुणीच सोबत नसेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन १४५६७ आहे.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलांसाठी इथंच सांगतो: पाणी चढल्याची बातमी बघून निघालात तर पोचाल याची खात्री नाही. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत कोल्हापूरकडं हायवे पाण्याखाली होता आणि सांगलीकडचे रस्ते एकेक करून बंद झाले. यायचं तर अंदाजावर या. जमत नसेल तर इथल्या एका माणसाला आधीच नाव घेऊन सांगून ठेवा की ह्या फुटाला तू आईला न्यायचंस, आणि रिक्षाचे पैसे त्याला जूनमध्येच पाठवा.

पाणी उतरल्यावर

म्हाताऱ्यांना घरी जायची घाई सुटते. थांबवा. पाणी उतरताना जुन्या पांढऱ्या मातीच्या भिंती जास्त पडतात. पुरात पाण्याचा दाब त्यांना धरून असतो, तो सुटला की भिजलेली भिंत बसते. फरशीवरचा गाळ साबणासारखा निसरडा, आणि ह्या वयात घसरलं की खुबा मोडतो. कपाटाखाली, गादीच्या घडीत घोणस-नाग सापडतात. साप चावलाच तर मंत्र, धागा, चिरा देणं काही नाही, थेट सरकारी दवाखाना. घर धुवून, ब्लीचिंग मारून, वायरमनकडून लाईट तपासून झाल्यावरच त्यांना आणा. ब्लीचिंग आणि संडासचं ॲसिड एकत्र कधीच ओतू नका, त्या धुरानं दमेकरी माणूस आडवा होतो.

गाळ काढायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे. पंचनाम्याला तलाठी किंवा महापालिकेचा माणूस येईल तेव्हा घर ज्यांच्या नावावर आहे त्या आबांना तासाभरापुरतं खुर्चीत आणून बसवा. पंचनाम्यावर बँक खात्याचा नंबर बरोबर उतरला का ते स्वतः वाचून घ्या. आबांचा अंगठा मशीनवर उमटत नसेल, तर पासबुकातलं खातं चालू आहे आणि आधारला जोडलेलं आहे ना, हे बँकेत जाऊन त्याच आठवड्यात बघून या. मदत त्याच खात्यावर येते.